मावशींचा प्रश्न

गेल्या सभेनंतर चहाच्या वेळी मूळच्या वसईच्या एका कॅथलिक मावशींनी हळूच विचारले, "आत्महत्या केलेल्याला तारण नाही, हे खरं का हो?" त्यांचा भाचा गेला, हे मला ठाऊक होते.

मी प्रयोगशाळेतला माणूस, धर्मशास्त्री नव्हे. तरी वाचून काढले. पश्चात्तापाला वेळ उरत नाही, हा जुना युक्तिवाद. १९१७ च्या धर्मसंहितेत अशांना अंत्यविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत ते कलम राहिले नाही. १९९२ चा कॅटेकिझम कृत्य गंभीर पापच मानतो, पण मनोविकार, तीव्र भय, यातना यांनी जबाबदारी कमी होते, त्यांच्या तारणाची आशा सोडू नये, असेही सांगतो. (लंडनची सॅमॅरिटन्स संस्थाही १९५३ मध्ये एका पाद्र्यानेच काढली. मन जड झाल्यास त्यांना जरूर फोन करावा.)

मावशींना फोन केला. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मिस्सा सांगू ना त्याच्यासाठी?"