पटावरची तीन जादा घरे

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्ट घरे भरावयास निघालेल्या राजाची कोठारे रिती झाल्याची कथा आपण बालपणी ऐकलेली असते. परंतु त्याच पटाला आणखी तीन घरे जोडली असता एकंदर दाण्यांची जी संख्या होते, तिने राजांना नव्हे, गणितज्ञांना अडीचशे वर्षांहून अधिक काळ खेळविले. दोनाच्या सदुसष्टाव्या घातातून एक वजा केल्यावर उरणारी ही संख्या म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. आपल्या पूर्वसूरींनी स्थानांची नावे परार्धापाशी थांबविली. येथे असे चौदाशे पंचाहत्तर परार्ध होऊन वर शिल्लक राहते.

मर्सेन नामक फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली दोनाच्या कोणत्या घातांतून एक वजा करता मूळ संख्या मिळते याची यादी दिली आणि तीत ६७ बेधडक नोंदविला. १८७६ मध्ये ल्यूका या गणितज्ञाने ही नोंद खोटी ठरविली, आणि तीही एकही विभाजक न दाखविता! त्याच्या कसोटीचे लेमर या गणितज्ञाने पुढे सुटसुटीत केलेले रूप ३१ वर, म्हणजे दोनाचा पाचवा घात उणे एक यावर, लावून पाहावे. चारांचा वर्ग करून दोन वजा करता १४. पुन्हा तसेच करता १९४, ज्यांना ३१ ने भागता बाकी ८. आठांचे तेच करता ६२, आणि बाकी शून्य. घातांकाहून दोन कमी इतक्या फेऱ्यांअखेर शून्य आले तर संख्या मूळ, न आले तर संयुक्त. मात्र तिचे तुकडे कोणते, याविषयी कसोटी चकार शब्द काढीत नाही. कोर्टकचेरीच्या भाषेत सांगायचे तर गुन्हा शाबीत, मुद्देमाल बेपत्ता.

तो मुद्देमाल १९०३ च्या ऑक्टोबरात फ्रँक नेल्सन कोल याने न्यूयॉर्कच्या गणित-सभेत हजर केला. सदुसष्टाव्या घाताच्या या संख्येचा कोणताही मूळ विभाजक १३४ च्या पटीत एक मिळवूनच येतो. पण ओळीने तपासत गेल्यास पहिला खरा विभाजक चौदा लक्ष पंचेचाळीस हजार पाचशे ऐंशीव्या ठिकाणी सापडतो! गणितलेखक ई. टी. बेलने लिहून ठेवलेली हकीकत अशी की, कोलने मुकाट्याने फळ्यावर १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला, उत्तर ताडून दाखविले आणि जागेवर जाऊन बसला. किती काळ लागला, असे विचारता 'तीन वर्षांचे रविवार' असे उत्तर मिळाले. हकीकत थोडी रंगविलेली असेल, गुणाकार मात्र अस्सल आहे. नऊ टाकून ताळा पाहावा: पहिल्याच्या अंकांची बेरीज ३७, दुसऱ्याच्या ६४, गुणाकाराच्या १०९, तिन्हींतून अखेर एकच उरतो. ताळा जुळल्याने गुणाकार सिद्ध होत नाही, हे खरे. पण कारकुनी मनाला तेवढाच दिलासा.

मर्सेनच्या यादीत ६१ मुळीच नव्हता. १८८३ मध्ये पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूने त्या घाताची संख्या मूळ असल्याचे दाखविले. तेव्हा ६१ च्या जागी छापताना ६७ पडले असावे, असा तर्क काहींनी केला आहे. तो खरा असेल, तर कोलचे सारे रविवार कोणा खिळे जुळविणाऱ्याच्या खाती जमा करावे लागतील.