चित्राची शिवण

मार्गशीर्ष महिन्यात दत्तजयंती आली की शहादा तालुक्यातील सारंगखेडा हे तापीकाठचे गाव गजबजून जाते. तेथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजारही भरतो. दूरदूरच्या प्रांतांतून नाना रंगांचे घोडे तेथे येतात आणि त्यांना पाहण्यासाठी माणसांची रीघ लागते.

समजा, शहाद्याच्या एका शाळेत शिकणाऱ्या मुलाने या बाजारात एक छायाचित्र घेतले. चित्रात डावीकडे एक पांढराशुभ्र घोडा उभा आहे. उजवीकडे, अगदी कडेला, त्या मुलाची आजी बसली आहे. दोघांच्या मध्ये नदीकाठची मोकळी वाळू आणि वर निरभ्र आकाश आहे. हे छायाचित्र शाळेच्या भित्तिपत्रकावर लावायचे आहे; परंतु चित्र रुंद आणि भित्तिपत्रकावरील जागा मात्र अरुंद! आता काय करावे?

चित्र दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद करता येईल. पण मग घोडा काटकुळा दिसेल आणि आजीचा गोल चेहरा लांबट होईल. कात्री लावून चित्राची कड कापता येईल. पण मग बिचारी आजीच चित्रातून जाईल. पहिल्या उपायाने सर्वांचे रूप बिघडते, तर दुसऱ्याने कडेला बसलेल्याचा बळी जातो. कोणीही म्हणेल, ‘अहो, मधली वाळू तेवढी कमी करा ना!’ हे बोलणे सोपे आहे. पण संगणकाला वाळू कोणती आणि आजी कोणती, हे कळावे कसे?

हाच प्रश्न शाय अविदान आणि एरियल शामिर या दोन संशोधकांनी हाती घेतला. अविदान हे अमेरिकेतील मित्सुबिशी इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधनशाळेत काम करीत होते, तर शामिर हे इस्राएलमधील हर्झलिया येथील विद्यापीठीय संस्थेत अध्यापक होते. 2007 साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे भरलेल्या संगणकचित्रांच्या परिषदेत त्यांनी आपली युक्ती मांडली. तिचे नाव ‘सीम कार्व्हिंग’. ‘सीम’ म्हणजे शिवण. ढगळ सदरा अंगाबरोबर बसावा म्हणून शिंपी खिसा किंवा गळा कापीत नाही. कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही अशा जागी तो कापड आत घेतो. चित्राच्या बाबतीतही असेच काहीसे करावे, असा या युक्तीचा आशय आहे.

संगणकातील चित्र म्हणजे असंख्य बारीक ठिपक्यांच्या ओळी होत. प्रत्येक ठिपक्याचा रंग संगणक आकड्यांनी लक्षात ठेवतो. आकाशातील एक निळा ठिपका घेतला तर त्याच्या शेजारचे ठिपकेही जवळजवळ तसेच निळे असतात. म्हणजे त्यांच्या आकड्यांत फारसा फरक नसतो. परंतु घोड्याच्या आयाळीजवळ, लगामाजवळ किंवा आजीच्या लुगड्याच्या काठाजवळ रंग एकदम पालटतो. तेथे शेजारशेजारच्या ठिपक्यांत मोठा फरक पडतो. संशोधकांनी या फरकाला ‘ऊर्जा’ असे नाव दिले. जेथे फरक थोडा, तेथे ऊर्जा थोडी. आणि तेथील ठिपका गेला तरी कोणाच्या लक्षात येण्याचा संभव कमी.

मग प्रत्येक ओळीतील सर्वांत कमी ऊर्जेचा ठिपका काढून टाकला की झाले, असे वाटेल. पण तसे चालत नाही. एका ओळीतला ठिपका डावीकडचा आणि खालच्या ओळीतला उजवीकडचा निघाला, तर ओळी एकमेकींपासून सरकतात आणि चित्र करवतीच्या दात्यांसारखे वेडेवाकडे होते. बरे, एक सरळ उभी पट्टी काढावी, तर वाटेत एखाद्याचे डोके किंवा घोड्याचा पाय यायचाच! म्हणून संशोधकांनी वळणे घेत जाणारी वाट निवडली. ही वाट चित्राच्या माथ्यापासून तळापर्यंत जाते. प्रत्येक ओळीतला एकच ठिपका ती घेते आणि खालच्या ओळीत उतरताना सरळ खाली, किंवा एकच घर डावीकडे अथवा उजवीकडे सरकते. अशा ज्या वाटेवरील ऊर्जेची बेरीज सर्वांत कमी, तीच चित्राची शिवण.

ही वाट शोधायची कशी, हे वहीवर करून पाहता येते. तीन ओळींचे एक चिमुकले चित्र आहे असे समजू. पहिल्या ओळीतील ठिपक्यांची ऊर्जा 1, 6, 3, 5. दुसरीतील 8, 9, 2, 4. आणि तिसरीतील 7, 2, 6, 1. पहिल्या ओळीतला 1 हा लहान आकडा पाहून जो त्याच्याकडे धावेल, तो फसेल. कारण तेथून खाली उतरताना 8 किंवा 9 वाटेत येतो आणि शेवटी बेरीज 11 च्या खाली जात नाही. उलट 3 पासून निघून 2 वर व तेथून 1 वर उतरले, तर बेरीज 6 भरते. आरंभ सोपा दिसला म्हणून वाट सोपी असतेच असे नाही!

खऱ्या चित्रात हजारो ओळी असतात. नुसत्या 10 ओळींच्या चित्रातही एका ठिपक्यापासून 19,683 पर्यंत वाटा फुटू शकतात. सर्व वाटा तपासत बसणे संगणकालाही झेपणार नाही. म्हणून येथे एक चतुराई उपयोगी पडते. अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांनी 1950 नंतरच्या दशकात ती पद्धत विकसित केली. प्रत्येक ठिपक्याने आपल्या डोक्यावरच्या तीन शेजाऱ्यांना एवढेच विचारावे : ‘तुमच्यापर्यंत पोहोचायला कमीत कमी किती खर्च आला?’ त्यांतील सर्वांत लहान उत्तरात स्वतःची ऊर्जा मिळवून ती बेरीज आपल्याजवळ लिहून ठेवावी. वरील उदाहरणात दुसऱ्या ओळीत 9, 10, 5, 7 अशा बेरजा येतात आणि तिसरीत 16, 7, 11, 6. शेवटच्या ओळीतील सर्वांत लहान बेरीज 6. तेथून उलट्या पावली वर गेले की शिवण सापडते. एकदा केलेला हिशेब लिहून ठेवला म्हणजे तो पुन्हा करावा लागत नाही, हेच या पद्धतीचे मर्म होय.

एक शिवण काढली की चित्र एका ठिपक्याने अरुंद होते. मग बदललेल्या जागी ऊर्जा पुन्हा मोजायची आणि पुढची शिवण शोधायची. 1,000 ठिपके रुंद असलेले चित्र 700 ठिपके करायचे, तर 300 शिवणी काढाव्या लागतात. शिवणी घालून चित्र वाढवताही येते. 2008 साली ‘फोटोशॉप’ या प्रसिद्ध चित्रसंस्करण-प्रणालीत चित्राचा आशय ओळखून आकार बदलण्याची सोय आली आणि ही कल्पना सामान्य छायाचित्रकारांच्या हाती पोहोचली.

तथापि या युक्तीला मर्यादा आहेत. घोड्याच्या अंगावर खोगीर, गोंडे आणि झूल आहे; तेथे ऊर्जा पुष्कळ. आजीचा गाल मात्र नितळ! संगणकाला तो वाळूसारखाच वाटण्याचा संभव आहे, आणि मग शिवण नेमकी आजीच्या चेहऱ्यातून जाईल. संगणक फरक मोजतो. मोल जाणत नाही. म्हणूनच संशोधकांनी एक सोय ठेवली : जो भाग जपायचा, त्यावर माणसाने खूण करावी, शिवण तो भाग टाळून जाईल. आजीवर खूण करण्याचे काम तिच्या नातवालाच करावे लागते.

याच खुणेची दुसरी बाजूही आहे. जो भाग नको असेल त्यावर वेगळी खूण केली, तर शिवणी नेमक्या तेथूनच जातात आणि ती वस्तू वा व्यक्ती चित्रातून नाहीशी होते. एखाद्याने विकाऊ घोड्याच्या चित्रात असा फेरफार केला, तर घेणारा फसेल. वृत्तपत्रात किंवा न्यायालयात असे चित्र आले, तर त्याहून मोठा अनर्थ होईल. फार कशाला, नातवाच्या निरागस चित्रातही आजी खरोखर होती त्यापेक्षा घोड्याच्या अधिक जवळ बसलेली दिसते!

म्हणून चित्र आखडले असेल तर त्याखाली तसे लिहावे, हा प्रामाणिकपणा होय. काय काढले तर चालेल, हे यंत्र क्षणात सांगू शकते. काय काढता कामा नये, हे मात्र माणसानेच ठरवायचे असते.