हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग ही महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर या गावी असलेली पायवाट आहे. देवळामागील खडकाळ डोंगराला ती समुद्राच्या अंगाने वळसा घालते. वाटेचा समुद्राकडील भाग भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो. त्यामुळे प्रदक्षिणा केवळ ओहोटीतच पूर्ण करता येते.

स्थान

सावित्री नदी अरबी समुद्रास मिळते त्या मुखाच्या उत्तरेस हे गाव वसले आहे. मुखापलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील बाणकोट आहे. पुणे व पिंपरी-चिंचवडकडून येणारे प्रवासी ताम्हिणी घाट, माणगाव व म्हसळा या मार्गाने येतात; दक्षिणेकडून वेसवी-बागमांडला या फेरीबोटीने खाडी ओलांडता येते. या क्षेत्रास ‘दक्षिण काशी’ असे म्हटले जाते. जवळचे श्रीवर्धन हे पेशव्यांच्या भट घराण्याचे मूळ गाव असून हरिहरेश्वर हे त्यांचे कुलदैवत होय. प्रथम कालभैरव, मग हरिहरेश्वर व पुन्हा कालभैरव असा दर्शनाचा क्रम आहे.

मार्ग

देवळाजवळून पायऱ्या डोंगरावर चढतात. माथ्यावरून पुढे गेल्यावर दोन उभ्या खडकांमधील अरुंद घळ लागते आणि तिच्यातून उतरणाऱ्या पायऱ्या थेट समुद्राशी नेतात. येथून एका बाजूस सरळ कडा, दुसऱ्या बाजूस लाटा व पायाखाली पसरट खडक अशी वाट सुरू होते. गायत्री तीर्थ, नागतीर्थ, विष्णुपद इत्यादी स्थाने याच वाटेच्या परिसरात दाखवली जातात. डोंगराला वळसा घालून वाट पुळणीवरून पुन्हा देवळाशी येते.

खडकांची घडण

दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून निर्माण झाला. कोकण किनाऱ्याचे खडकही मुख्यतः त्याचेच आहेत. लाट कड्यावर आदळते तेव्हा भेगांतील हवा दाबली जाते आणि लाट ओसरताच मोकळी होते. या सततच्या दाबाने खडक फुटतो. कड्याचा पायथा पोखरला जातो, वरचा भाग कोसळतो आणि कडा मागे सरकतो. मागे उरतो तो सपाट खडकाळ मंच. यात्रेकरू ज्यावरून चालतो ती वाट अशा रीतीने समुद्रानेच कोरलेली आहे.

कड्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे दिसतात. उडालेले खारे पाणी खडकाच्या सूक्ष्म रंध्रांत शिरते, वाळताना मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण सुटे करतात. पर्यटक ही नक्षी लाटांनी केलेली समजतात; तिच्यातील मिठाचा वाटा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

भरती-ओहोटीचे गणित

कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढण्याची जुनी रीत आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरती पूर्ण होण्याचा तास अजमासे मिळतो. उदाहरणार्थ, चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजावे. चंद्राच्या गतीमुळे भरती दररोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते; पाऊण तासाचा हिशेब त्याच्याशी बराच जुळतो. अर्थात हा अंदाज आहे, नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहावे.

या गणितात प्रदक्षिणेची खरी अडचण दडलेली आहे. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाणी सर्वांत दूर हटते, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. सूर्यास्त पाहत रेंगाळलेल्या माणसाला परतताना अंधार व वाढते पाणी दोन्ही गाठतात. अष्टमीच्या सुमारास ओहोटी भर दुपारी मिळते, मात्र ते भांगाचे दिवस असल्याने पाणी फारसे हटत नाही. महाशिवरात्र माघ कृष्ण चतुर्दशीस येते. त्या दिवशी वरील हिशेबाने सकाळी साडेदहाच्या आसपास, म्हणजे दर्शनाच्या ऐन वेळी, भरती असते. शनिवार-रविवार किंवा कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरून निघणाऱ्यांनी तिथी आधी पाहणे इष्ट होय.

धोके

मंचावर शेवाळ असते व ओला खडक निसरडा होतो. शांत दिसणाऱ्या समुद्रातही मधूनच मोठी लाट येते. कडा उभा असल्याने मध्येच वर चढून सुटका करून घेणे कठीण असते. म्हणून भरती सुरू झाल्यावर वाटेत सापडणे जिवावर बेतू शकते. खडकांवरून लाटेने ओढले गेल्याच्या दुर्घटना येथे घडल्या आहेत. छायाचित्रासाठी मंचाच्या बाहेरच्या कडेपर्यंत जाणे हे त्यांतील सर्वांत टाळता येण्याजोगे कारण आहे. पावसाळ्यात नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओहोटीतही लाटा मंचावर चढतात, त्यामुळे त्या काळात ही वाट वर्ज्य समजावी. इतर ऋतूंत ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघणे सोयीचे ठरते. घळीच्या तळाशी पोहोचल्यावर खालच्या पायऱ्यांना पाणी लागलेले दिसल्यास तेथूनच मागे फिरावे.