रापणं आणि भाजणं

मे महिन्यात मूल समुद्रावरून किंवा पोहण्याच्या तलावावरून घरी येतं. 'काय रापलाय बघा!' असं म्हणून आपण कामाला लागतो. रापणं, करपणं, भाजणं असे वेगवेगळे शब्द मराठीत आहेत, पण मुलांच्या बाबतीत आपण ते एकाच गाठोड्यात बांधतो. रापणं म्हणजे कातडीचा रंग गडद होणं. भाजणं ही इजा आहे.

आपण सावळी माणसं, आपल्याला ऊन काय करणार, असा एक समज असतो. मेलॅनिन हे रंगद्रव्य सावळ्या कातडीला काही प्रमाणात जपतं, पूर्ण नाही. उलट अडचण अशी, की गोऱ्या मुलाची पाठ लालबुंद दिसते आणि सावळ्या मुलाची तितकी दिसत नाही. म्हणून इथे डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवावा. खांदे, मान, नाक, कानांच्या पाळ्या यांना हलकेच हात लावून पाहावा. जागा गरम लागली, शर्ट घासताच मूल कळवळलं, तर ते नुसतं रापणं नव्हे.

हा चटका तव्याच्या चटक्यासारखा तिथल्या तिथे कळत नाही. कातडी भाजतात ते अतिनील किरण. त्यांची ऊब जाणवतच नाही. आग काही तासांनी सुरू होते आणि साधारण १२ ते २४ तासांत सर्वांत जास्त होते. दुपारी हुंदडून आलेलं मूल रात्री अंथरुणावर पाठ टेकू देत नाही, त्याचं कारण हे. पाण्यात खेळताना गार वाटतं, पण अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागावरच्या सुमारे ४० टक्के अतिनील किरण पोहोचतात.

मी कवी माणूस, वैद्य नव्हे. पण माझी भाची बालरोगतज्ज्ञ आहे. तिने सांगितलेला पहिला उपाय ऐकून मला आमची अम्मी आठवली. अम्मी मलमलीची जुनी ओढणी माठातल्या पाण्यात भिजवून, पिळून आमच्या खांद्यांवर पसरायची. ओढणी गरम झाली की पुन्हा भिजवायची. भाचीचंही म्हणणं तेच: गार पाण्याचा ओला कपडा दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, किंवा गार पाण्याने साबणाशिवाय अंघोळ. नंतर न घासता टिपून घ्यायचं आणि अंग किंचित ओलं असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावायचं. कॅलामाइन लोशनही चालतं. कोरफड लावायची तर पान कापून आधी त्यातला पिवळा चीक निथळू द्यावा, कारण त्याने खाज सुटते. आतला गर थोड्या जागेवर लावून पाहावा.

बर्फ थेट लावू नये, त्याने कातडीला वेगळीच इजा होते. तूप-तेलाने आतली उष्णता अडकून राहते. टूथपेस्ट तर नकोच. लिंबाचा रस अंगावर असताना मूल उन्हात गेलं, तर नवे फोड येऊ शकतात. लिंबू सरबतात घालावं. पाणी, ताक, शहाळं, कोकम, मुलाला जे आवडेल ते भरपूर पाजावं, कारण भाजलेल्या कातडीतून शरीरातलं पाणी जास्त उडतं.

दुखणं फारच असेल तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी मुलाच्या वजनाप्रमाणे सांगितलेल्या मात्रेतच. ॲस्पिरिन लहान मुलांना देऊ नये. त्यातून क्वचित, पण मेंदू आणि यकृतावर घाला घालणारा आजार होऊ शकतो.

हे सारं सौम्य भाजण्यापुरतं. मूल वर्षाच्या आतलं असेल, फोड आले असतील, चेहरा सुजला असेल, ताप, थंडी, उलट्या सुरू असतील, तर घरी वाट पाहू नये. मूल गुंगीत असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, तर ते 'ऊन लागणं' असू शकतं. मग अंग गार करत करत तातडीने दवाखाना गाठावा.

एरवी चार-सहा दिवसांत कातडी सुटू लागते. ती ओढून काढायला मुलांना भारी मजा वाटते. काढू देऊ नये, खालची कातडी अजून कच्ची असते. फोड फोडू नयेत. सैल सुती सदरा घालावा आणि जागा पूर्ण बरी होईपर्यंत सकाळी दहा ते दुपारी चार खेळ घरातच ठेवावा. कॅरम, पत्ते, गोष्टी. मूल कटकट करील, पण पाच वाजले की अंगण त्याचंच आहे.