“आमच्या गावात काही होत नाही!”

“आमच्या गावात काही होत नाही हो! सगळे ओळखीचे. दार नुसतं लोटून गेलं तरी काडी हलत नाही.” बुलढाणा जिल्ह्यात घाटावर चिखली-मेहकरकडे जा, नाहीतर घाटाखाली नांदुरा-मलकापूरकडे उतरा, हे वाक्य तुमच्या कानावर पडणारच. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना आपण ते अभिमानानं ऐकवतोही. आणि मैत्रिणींनो, ते अगदीच खोटं नाही. पण ते किती खरं आहे, आणि कुणासाठी खरं आहे, हे एकदा शांतपणे बघायला हवं. कारण “काही होत नाही” या समजुतीपायीच कित्येकदा बरंच काही होऊन जातं आणि ते कुणाच्या कानावरही जात नाही.

गावाचे डोळे

लहान गावाचा सर्वांत मोठा पहारेकरी म्हणजे ओळख. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना कोण कुठल्या एस.टी.नं आलं आणि कुणाच्या घरी गेलं हे ठाऊक असतं. ओट्यावर तूर निवडत बसलेल्या आजीच्या नजरेतून परका माणूस सुटत नाही. शहरातल्या बंद दारांच्या इमारतींना हे सुख नाही.

पूर्वी याच्या जोडीला जागल्या असे, आणि वंशपरंपरेनं चालत आलेली पाटीलकी असे. स्वातंत्र्यानंतर वतनं गेली. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानं पोलीस पाटील हे नेमणुकीचं पद झालं. गावात गुन्हा घडला, संशयास्पद मृत्यू झाला, की ठाण्याला कळवण्याची जबाबदारी पोलीस पाटलाची. एकेका ठाण्याखाली पुष्कळ गावं येतात, ठाणं कित्येक मैल दूर असतं. अशा वेळी गावातला हाच पहिला माणूस. आज या पदावर स्त्रियाही नेमल्या जातात. तुमच्या सासरच्या किंवा माहेरच्या गावी पोलीस पाटील कोण आहे, त्यांचा फोन नंबर काय, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर पुढच्या खेपेला गेलात की आधी विचारून घ्या.

चोर पंचांग बघून येतो

आपल्याकडच्या चोऱ्यांना हंगाम असतो. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन आणि कापूस विकून घरात रोकड येते. खामगावच्या बाजारात माल गेला की कुणाच्या घरी पैसे आले हे साऱ्या गावाला कळतं. गाव जे बघतं ते चोरालाही दिसतं. तेव्हा पैसे त्याच दिवशी बँकेत जातील असं बघा. “उद्या भरू” म्हणून गादीखाली ठेवलेली रक्कम ही आमंत्रणपत्रिकाच समजा. शेतातल्या मोटारी, केबल, गोठ्यातली जनावरं जातात तीही राखण नसलेल्या रात्री. मोटारीचा नंबर नि पावती घरी जपून ठेवली असेल तरच पुढे ती आपली म्हणून ओळखता येते.

मग येतो उन्हाळा. विदर्भाच्या उन्हाळ्यात घरात झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं! सगळं कुटुंब गच्चीवर नाहीतर अंगणात जातं, आणि खालचं दार नुसतं ओढून घेतलेलं असतं. दिवसभराच्या उकाड्यानंतर पहाटेच्या गार वाऱ्यात डोळा गाढ लागतो, नेमकी तीच वेळ साधली जाते. गच्चीवर जाताना खालच्या दाराला आतून कडी आणि बाहेरून कुलूप, दोन्हींचा विचार करा. कपाटाची किल्ली कपाटावरच ठेवायची सवय तर आजच मोडा.

लग्नसराईत घरं चार-चार दिवस बंद असतात. शेजारणीला सांगून जा. अंगणात सडा-रांगोळी नाही, दारात वर्तमानपत्रांचा ढीग साचलेला, अशा घराची कहाणी रस्त्यावरूनच वाचता येते. आणि यात्रा! शेगावला प्रकट दिनाची गर्दी असो नाहीतर सैलानीची यात्रा, दर्शनाच्या रेटारेटीत गळ्यातलं कधी गेलं ते कळत नाही. देवाला दागिने दाखवायचे नसतात. साधी पोत घालून जावं, पैसे दोन ठिकाणी विभागून ठेवावेत, आणि लहान मुलाच्या खिशात नाव नि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घालावी.

गोड बोलणारा पाहुणा

दुपारी पुरुषमंडळी शेतात किंवा कामावर गेली की दारावर येणारे निराळे. “ताई, दागिने उजळून देतो” म्हणणारा पावडर लावतो, आणि पाटल्या उजळतात खऱ्या, पण वजनाला हलक्या होऊन येतात. रस्त्यात भेटणारा साध्या कपड्यांतला “पोलीस” सांगतो, “पुढे दंगा झालाय, मावशी, दागिने काढून रुमालात बांधा.” रुमाल घरी सोडला की आत खडे! लक्षात ठेवा, खरा पोलीस रस्त्यात उभं करून बाईचे दागिने काढून घेत नाही.

आता हा पाहुणा फोनवरूनही येतो. “वीज तोडू”, “खातं बंद होईल”, “तुमच्या मुलाला अटक झाली आहे”. तिन्हींचा शेवट पैशापाशी किंवा ओ.टी.पी.पाशीच होतो. फोनवरून किंवा व्हिडिओवरून अटक करण्याची सोय कायद्यात नाही. पैसे गेलेच तर रडत बसू नका. त्याच मिनिटाला १९३० या क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची आशा जास्त.

घराच्या आतलं

इथवरचं सगळं बाहेरच्या चोराचं झालं. त्याला कुलूप लावता येतं. पण कुलपाच्या आतच धोका असेल तर?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ सालची आकडेवारी पाहा. देशभरात स्त्रियांविरुद्ध ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले, आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा, जवळजवळ तिसरा हिस्सा, नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचा होता. अंधाऱ्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची धास्ती आपण मुलींच्या मनात घालतो. ते योग्यच आहे. पण अत्याचाराच्या खटल्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा असतो, हेही याच नोंदी वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत.

हे झाले नोंदलेले गुन्हे. न नोंदलेल्यांचं काय? जी ओळख चोराला अडवते, तीच ओळख बाईच्या तोंडावर हात ठेवते. ठाण्यात गेलं तर जमादार दिराचा दोस्त, दवाखान्यात गेलं तर नर्स सासूची मैत्रीण. “माय, घरातली गोष्ट घरातच राहू दे” हे सांगणारी तर प्रत्येक घरात एक असतेच. हे आपल्याकडेच घडतं असं नाही. ब्रिटनमधल्या खेड्यांतल्या घरगुती छळावर २०१९ मध्ये एक अहवाल निघाला. शहरातल्या बाईपेक्षा खेड्यातली बाई सुमारे पाव पट अधिक काळ छळ सोसत राहते, असं त्यात आढळलं. कारणंही आपल्या परिचयाची: मदत लांब, वाहन नाही, आणि गावात बभ्रा होण्याची भीती.

मुलांच्या बाबतीत ही शांतता अधिकच घातक. २०१६ च्या नोव्हेंबरात खामगाव तालुक्यातल्या पाळा इथल्या निवासी आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि सारा महाराष्ट्र हादरला. दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी आल्या तेव्हा वाचा फुटली. मूल सुट्टीत घरी आलं की आपण आधी फराळाचं ताट पुढे करतो. त्या ताटाबरोबर दहा मिनिटं निवांत वेळही द्या. “पोट दुखतं”, “मला परत जायचं नाही” या वाक्यांना नुसता ओवा देऊ नका. काय झालं ते विचारा, आणि सांगितलं तर विश्वास ठेवा. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानं अशी गोष्ट कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरवला आहे, मग कळलेली व्यक्ती आई असो की मुख्याध्यापक.

शेजारणीलाही हक्क आहे, हे किती जणींना ठाऊक असेल? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मार खाणाऱ्या बाईनंच तक्रार करावी असं नाही. कुणीही चांगल्या हेतूनं संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि त्याबद्दल तिच्यावर कसलंही बालंट येत नाही. भिंतीपलीकडचा आवाज ऐकून रेडिओ मोठा करण्याचे दिवस संपले म्हणायला हरकत नाही.

संशयाचं विष

सुरक्षिततेच्या नावाखाली आपल्याच हातून गुन्हा घडू नये, हेही बघायला हवं. १ जुलै २०१८ हा दिवस आठवा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. ते होते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून घरोघर पोहोचली होती.

ती अफवा पुढे पाठवणारे हात कुणाचे होते? बहुतेक तुमच्या-माझ्यासारख्यांचेच, आणि तेही काळजीपोटी! “खरं-खोटं माहीत नाही, पण सावध असलेलं बरं” असं म्हणून आपण निरोप पुढे ढकलतो. तेव्हा असा निरोप आला तर आधी पोलिसांना विचारा, नाहीतर तिथेच थांबवा.

पारध्यांच्या बेड्याकडे बोट दाखवायची सवयही अशीच जुनी. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, आपल्या मनातला नाही. चोरी झाली की परका किंवा पारधी पकडायचा, आणि खरा चोर शेजारच्या ओळीत पान खात उभा, असं होऊ देऊ नये.

ठाण्याची पायरी

“बाईमाणसानं ठाण्याची पायरी चढू नये” असं आपल्या आजीनं सांगितलं, आणि तिच्या काळात तिला तसं वाटायला कारणही होतं. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांकडूनच अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयात आरोपी सुटले, आणि त्यावर देशभरच्या स्त्रिया उठल्या. त्या चळवळीतून १९८३ मध्ये कायदा बदलला. आपल्याच विदर्भातल्या एका गरीब मुलीच्या दुःखातून आज आपल्याला मिळणारं संरक्षण उभं राहिलं आहे. ते वापरायला तरी आपण शिकू या.

गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. “आमची हद्द नाही” हे उत्तर चालत नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात नोंद घेतली नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा. लैंगिक गुन्ह्यात पीडितेचा जबाब महिला अधिकाऱ्यानंच घ्यायचा असतो. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊन घ्यावा लागतो. आणि अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर नि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही.

गावानं मिळून

१५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि बांधावरचे पुष्कळ तंटे गावातच मिटले. चांगलंच झालं. पण बाईवरचा अत्याचार हा बांधाचा तंटा नव्हे. “पंचांसमोर माफी मागतो, मिटवून टाका” असा दबाव आला तर ठाम नाही म्हणा.

मारहाणीच्या मुळाशी दारू असेल तर त्यालाही रस्ता आहे. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर परवान्याचं दुकानही बंद होतं. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी असा कायदा आहे. ती कागदावर भरली जाते की खरंच भरते, हे तुमच्या हजेरीवर अवलंबून. रस्त्यावरचा बंद दिवा, शाळेच्या वाटेवरचं टवाळखोरांचं टोळकं, शौचालयाची अडचण, हे सगळे सुरक्षिततेचेच प्रश्न. ते तिथे मांडा नि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

एवढं कराच

• फोनजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा: पोलीस व तातडीची मदत ११२, महिला मदत १८१, मुलांसाठी १०९८, फोनवरच्या फसवणुकीसाठी १९३०. सासूबाईंना नि मुलांनाही पाठ करून घ्या.

• दागिन्यांचे फोटो, पावत्या नि वजनं एका वहीत ठेवा. ती वही दागिन्यांच्या डब्यात मात्र नको!

• ओळखपत्रं, बँकेचं पुस्तक नि थोडे पैसे असे ठेवा की वेळ आली तर हात घालून उचलता येतील. ही गोष्ट सुखी घरातल्या बाईलाही उपयोगाची आहे.

• एक शेजारीण ठरवून घ्या. रात्री-अपरात्री हाक मारली तर ती येईल, आणि तिनं मारली तर तुम्ही जाल.

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी हजारो जणी जमतात, आणि दोन दिवसांनी संक्रांत येते. हळदीकुंकवाला वाण म्हणून यंदा चमचे-वाट्या नकोत. चार फोन नंबर छापलेलं एक कार्ड द्या, खर्च रुपयाचाही नाही. तिळगूळ देताना प्रत्येकीला इतकंच सांगा, “काही झालं तर मला हाक मार, मी येते.”