गुणसूत्रांना धागा धरतो कसा?

लासूर स्टेशनच्या बाजारात विकला जाणारा कांदा छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयांत प्रयोगालाही लागतो. पाण्यावर वाढवलेल्या मुळाचे टोक रंगवून काचपट्टीवर दाबले, की सूक्ष्मदर्शकाखाली विभागणाऱ्या पेशी दिसतात. काहींत १६ गुणसूत्रे मध्यावर रांगेत उभी असतात.

त्यांना खेचणारे धागे म्हणजे ट्युब्युलिन प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका. गुणसूत्र त्यांना थेट जोडले जात नाही. मध्ये ‘कायनेटोकोर’ ही अनेक प्रथिनांची रचना असते. तिच्यातले एनडीसी ८० हे चार प्रथिनांचे संकुल एका टोकाने नलिका धरते, दुसरे टोक गुणसूत्राच्या बाजूला रोवलेले. नलिकेचे टोक झिजत असतानाही पकड सुटत नाही. त्या झिजण्यातूनच ओढ मिळते.

गुणसूत्राच्या दोन्ही जुळ्या भागांवर पेशीच्या विरुद्ध ध्रुवांकडून ताण आला, की जोड पक्की. दोन्ही भाग एकाच ध्रुवाला अडकले, तर ताण येत नाही. तेव्हा ऑरोरा बी हे विकर चुकीची जोड सोडवते. एकही गुणसूत्र मोकळे असेपर्यंत पेशी सहसा पुढे सरकत नाही.

कर्करोगावरचे काही उपचार याच थांब्याचा फायदा घेतात. सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन धागेच बनू देत नाही, म्हणून कर्कपेशी विभाजनात अडकून मरतात. सदाफुलीचा पाला मात्र विषारी आहे. तो घरी औषध म्हणून कधीही खाऊ नये.