ग्वांगझूचा दिवस आणि संध्याकाळचा हेकरू

सकाळी 6. ऑक्टोबरातही इथली हवा आपल्या रत्नागिरीसारखीच दमट. रत्नागिरीत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि कँटन फेअरला माझी ही चौथी खेप. 1957 पासून भरणाऱ्या या जत्रेचा ऑक्टोबरातला पहिला टप्पा, 15 ते 19 तारखेचा, आमच्या मालाचा असतो. खोलीतल्या किटलीत पाणी उकळून चहा केला, घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या.

साडेनऊ. पाझोऊला दारं उघडली. आमची दुभाषी गेटाशी हजर होती. तेवीस-चोवीस वर्षांची, इथलीच मुलगी. मला ‘मिस्टर’ म्हणायची. परवापासून मी शिकवलं म्हणून ‘काका’ म्हणते. सहापर्यंत बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, ड्रिलची पाती. पाय दुखून आले, पिशवी नमुन्यांनी जड झाली. भावताव रोजचेच, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी 7. आता खरं सांगायचं ते. जिवंत मासळीच्या हॉटेलात तळमजला म्हणजे मासळी बाजारच. भिंतभर काचेच्या टाक्या, प्रत्येकीत नळीतून बुडबुडे सोडलेले, फरशी ओली. कोळंबी, वस्तऱ्यासारखे लांब शिंपले, दोरीनं बांधलेले खेकडे, अमेरिका-कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरून आलेले लांब सोंडेचे जिओडक. बहुतेक सगळ्यांच्या टाकीवर भाव लिहिलेला. काहींवर नुसतं ‘आजचा भाव’. तिथं विचारल्याशिवाय बोट दाखवू नये.

पहिल्या खेपेला एका हॉटेलात मी फसलो होतो. पाटीवरचा आकडा मी जिनचा धरला, म्हणजे पाचशे ग्रॅमचा. तो होता लिआंगचा. इथं दहा लिआंगचा एक जिन, म्हणजे लिआंग पन्नास ग्रॅमचा. बिल दसपट आलं आणि भाषा येत नसल्यामुळे भांडताही आलं नाही. तेव्हापासून पहिला प्रश्न एकच: किती ग्रॅमचा भाव?

आज हेकरू घ्यायचं ठरलं. आपल्याकडे आईनं शिकवलेली पारख मेलेल्या माशाची: कल्ले लाल हवेत, डोळा फुगीर, बोटानं दाबलं तर मांस वर यायला हवं. इथं ती कामाची नाही. पोहणाऱ्या माशाचं वेगळं बघावं लागतं. तो सरळ तोलून राहतो का, की वर येऊन तोंडानं हवा ओढतोय? नाकाडं काचेवर घासून सोललंय का? सोललेलं असेल तर बरेच दिवस टाकीत आहे, अंगानं उतरलेला असणार. मी कोपऱ्यातला, तळाशी स्थिर राहिलेला दाखवला. पोऱ्यानं जाळीनं काढला आणि पिशवीत घातला. “काका, पाणी,” असं मुलगी हळूच म्हणाली. पिशवीतलं पाणी काढून टाकायला लावलं, मग काट्यावर ठेवला. सहाशे वीस ग्रॅम. जिनला 68 युआन, म्हणजे सुमारे 84. मी काट्याचा फोटो काढून ठेवला, कुणालाही त्याचा राग आला नाही. खेकडे मात्र घेतले नाहीत. ओल्या जाड दोरीचंही वजन होतं आणि ती खायची नसते.

पावणेआठ. वर टेबलाशी बसलो. पहिल्या गरम चहानं वाट्या-काड्या विसळून घ्यायच्या, ही इथली पद्धत. कुणी चहा ओतला की दोन बोटं टेबलावर टकटक करायची, तो आभार. हे दोन शिकलं की वाढणाऱ्यांच्या चेहऱ्यावर फरक पडतो, हे मी दर वेळी पाहतो.

सव्वाआठ. मासा आला. वाफवलेला, अख्खा. वर आल्याचे आणि कांद्याच्या पातीचे बारीक तुरे, त्यावर कडकडीत तेल ओतलेलं, खाली हलका सोया. मिरची नाही, हळद नाही, तिरफळं नाहीत, कोकम नाही. डोळा पांढरा होऊन बाहेर आलेला. काड्यांनी पाठीवरचं मांस बाजूला केलं तर ते मोठमोठ्या पाकळ्यांनी सुटलं आणि काट्यालगत अजून किंचित गुलाबी होतं. मुलगी म्हणाली, हेच बरोबर. पूर्ण पांढरं झालं तर इथले लोक जास्त शिजलं म्हणतात. तोंडात घातल्यावर समुद्राचा वास नाही, नुसती गोडी. गालाजवळचा नखाएवढा तुकडा तिनं माझ्या वाटीत ठेवला, पाहुण्याचा म्हणून. वरची बाजू संपल्यावर मासा उलटवला नाही. मधला काटा उचलून घेतला. मासा उलटला तर होडी उलटते, ही इथल्या दर्यावरच्या माणसांची समजूत.

मला बांगड्याचं तिखलं प्राणापेक्षा प्रिय आहे, आणि तरी सांगतो, मासळीला याहून मोठा मान मी कुठल्या ताटात पाहिला नाही. दक्षिण चिनी समुद्रात 1 मे ते 16 ऑगस्ट मासेमारी बंद असते, आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै. तरी यांच्या टाक्या रिकाम्या पडत नाहीत, कारण हेकरू आता बराचसा पाळलेला असतो. चव त्यामुळे कमी होत नाही. टाकीत तो किती दिवस राहिला, यानं होते.

साडेनऊ. खोलीवर हिशेब मांडला: बिजागऱ्यांचे तीन भाव, हेकरूचे 84 युआन, फोटोशी ताडून. तुम्ही गेलात तर टेबलावर बसून मागवू नका. खाली टाकीपाशी उभे राहा, भाव किती ग्रॅमचा ते विचारा, आणि मासा काट्यावर पडेपर्यंत नजर हटवू नका.